मेश्राम डॉक्टरांचा शनिवारचा दवाखाना

कुठल्याही चार माणसांत आजारपणाचा विषय काढा, पुढचा तास कसा गेला ते कळत नाही. एकाला स्वतःचं ऑपरेशन आठवतं, दुसऱ्याला सासूचं, आणि तिसरा शर्ट वर करून टाके दाखवायला लागतो. आम्ही तर दर शनिवारी दीडशे वर्षांपूर्वीची आजारपणं घेऊन बसतो, मग आमच्याकडे किस्से साठणार नाहीत तर काय! कपाटावरची धूळ निदान पुसता तरी येते. किस्स्यांचं तसं नाही, एक सांगायला घेतला की मागून दोन निघतात.

'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगते. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गपासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर एका जुन्या डॉक्टरचं घर आहे. एकोणिसाव्या शतकात हा गृहस्थ घोडागाडीतून पंचक्रोशीत औषधं देत फिरायचा आणि घराच्या पुढच्या खोलीत पेशंट तपासायचा. आता त्या घराचं म्युझियम झालंय. शनिवारी ते उघडतं आणि आम्ही व्हॉलंटिअर मंडळी जुन्या काळचे कपडे घालून तो दवाखाना चालवून दाखवतो. पेशंट म्हणजे तिकीट काढून आलेले पाहुणे. मी प्रज्ञा, मूळची औरंगाबादची. एरवी मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या प्रत्येक आजाराला इन्शुरन्ससाठी नंबर देते. शनिवारी पायघोळ झगा आणि झालरीची टोपी घालून डॉक्टरांची मदतनीस होते. म्युझियमची प्रमुख डोरोथी, वय सत्तरीचं आणि आवाज हेडमास्तरणीचा. आणि डॉक्टर म्हणजे आमचे मेश्राम काका.

डोरोथीचा नियम एकच. अंगावर ते कपडे चढले की शतक बदललं. त्यानंतरचं काहीही आपल्याला ठाऊक नाही. जंतू ठाऊक नाहीत, पेनिसिलिन ठाऊक नाही, ब्लड प्रेशर मोजायचं मशीन ठाऊक नाही. कोणी विचारलंच तर चेहरा कोरा ठेवायचा. आयुष्यभर शिकलेलं सगळं विसरायला किती अक्कल लागते, हे मला तिथे कळलं.

*

मेश्राम काका मुळात पुलांचे इंजिनिअर. नागपूरहून आले, इलिनॉयमध्ये पूल बांधत राहिले आणि रिटायर झाले. रक्त दिसलं की त्यांना घेरी येते, हे इथल्या आमच्या सगळ्या मराठी ग्रुपला माहीत होतं.

आमचा आधीचा डॉक्टर, म्हणजे ती भूमिका करणारा व्हॉलंटिअर, फ्लोरिडाला राहायला गेला आणि जाताना लांब काळा कोट मागे ठेवून गेला. कोट उंच, सडपातळ माणसाचा होता. डोरोथीने तो सगळ्यांना घालून पाहिला. कुणाची बटणं लागेनात, कुणाचे हातच बाहेर येईनात. काकांना मी त्या दिवशी नुसतं म्युझियम बघायला म्हणून नेलं होतं. ते बिचारे भिंतीपाशी उभे राहून सगळा तमाशा बघत होते. डोरोथीने न विचारता कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला, आणि तो माप घेऊन शिवल्यासारखा बसला.

"तुम्ही आमचे डॉक्टर," डोरोथीने जाहीर केलं.

काकांनी टेबलावरच्या करवतीकडे बघितलं. "रक्त असतं का?"

"पाय मेणाचा आहे. मधे लोहचुंबक आहे, कापून झाला की परत जोडायचा."

"मग चालेल," काका म्हणाले.

मेश्राम काकूंना ही बातमी मीच दिली. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझं बोट कापलं तर हे सोफ्यावर आडवे होतात, आणि मी एका हाताने यांनाच पाणी पाजते. आता तिथे जाऊन लोकांचे पाय कापणार म्हणे."

पहिल्याच शनिवारी काकांनी करवत अशी काही सफाईने चालवली की एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "डॉक्टर, हे काम पूर्वीही केलेलं दिसतंय?" काका शांतपणे म्हणाले, "बरंच. पण ते पाय लोखंडाचे होते."

*

एकदा पाचवीच्या मुलांची शाळा आली. पाय कापण्याचा कार्यक्रम नेहमीच मुलांना आवडतो. तो संपल्यावर एका मुलीने हात वर केला. "डॉक्टर, ऑपरेशनच्या आधी तुम्ही हात धुतले नाहीत."

काकांनी डोरोथीकडे बघितलं. डोरोथीचा चेहरा दगडाचा. नियम म्हणजे नियम.

"आधी कशाला धुवायचे?" काका म्हणाले. "ऑपरेशन करताना घाण होणारच आहेत. मी संध्याकाळी जेवायच्या आधी धुतो."

पोरांनी एकसुरात "ईऽऽऽ" केलं. काकांना चेव आला. त्यांनी कोटाच्या बाहीवरचे लाल रंगाचे वाळलेले डाग कौतुकाने दाखवले. "बघा, ज्याचा कोट जास्त मळका, तो जास्त अनुभवी सर्जन. हा कोट मी कधीच धुतला नाही." हे तर खरंच त्या काळचं होतं, काकांच्या मनचं नव्हतं.

त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली. सगळी मुलं, कुणीही न सांगता, बाथरूमबाहेर रांगेत उभी. कोपरापर्यंत साबण. त्यांच्या टीचर दारातच थबकल्या. वर्षभर त्या पोस्टर लावून, गाणी म्हणून, ओरडून थकल्या होत्या. काकांपाशी येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत येऊन पुन्हा एकदा हात न धुण्याबद्दल बोलाल का?"

*

नियमाची खरी परीक्षा झाली ती फोनमुळे. फोन गाडीत ठेवायचा असतो. काका विसरले. पुढच्या खोलीत दहा-बारा पाहुणे, काका तापाच्या पेशंटला जळवा कशा लावायच्या ते दाखवत होते, आणि कोटाचा खिसा वाजायला लागला.

काकांनी दगडी चेहऱ्याने सांगितलं, "रातकिडा आहे. या दिवसांत फार होतात." लोक हसले. तेवढ्यावर भागलं असतं, पण बंद करायच्या नादात त्यांनी फोन उचलला, तोही स्पीकरवर. खोलीभर काकूंचा आवाज घुमला, "अहो, ऐकताय का? येताना सांबार घेऊन या. मागच्या वेळी पिवळा पडलेला आणला होता, तसा नको."

नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे मला कळलं, पण पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. छातीतून बाईचा आवाज येणारा डॉक्टर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. मी टोपीची झालर तोंडात कोंबली.

काकांनी खाटेवरच्या मेणाच्या पेशंटच्या कपाळावर हात ठेवला, मान हलवली आणि गंभीरपणे म्हणाले, "ताप मेंदूत चढला की पेशंट असा परक्या भाषेत बरळतो. आणखी दोन जळवा लावाव्या लागतील."

टाळ्या पडल्या. डोरोथी नंतर म्हणाली, गेल्या कित्येक वर्षांत इतक्या कसोशीने कोणी शतक सांभाळलं नव्हतं. काका संध्याकाळी सांबार विसरूनच गेले, ते वेगळं.

*

आमच्या महाराष्ट्र मंडळाची ट्रिप मी म्युझियमला आणली, तो दिवस डोरोथी कधी विसरणार नाही. त्या दिवशी ती स्वतः माहिती सांगत होती. अंगावर काटा आणायची तिची एक खास पद्धत आहे. आवाज खाली नेते, मग हळूच झाकण काढते.

"ही," तिने काचेची वाटी उचलली, "तापवून पाठीवर उपडी ठेवायचे. रक्त वर खेचलं जायचं."

"तुंबडी," मागून तीन-चार बायका म्हणाल्या.

डोरोथी जरा गडबडली. तिने दुसरी बरणी उचलली. "छातीत कफ झाला की मोहरी वाटून त्याचा लेप लावायचे. कातडी लाल व्हायची."

देशमुख काकू पुढे आल्या, मंडळात सगळ्यात ज्येष्ठ. "त्यात कणीक किती घालायचे? नुसती मोहरी लावली तर फोड येतील. आमची आई निम्मी कणीक घालायची."

डोरोथीने शेवटचं अस्त्र काढलं. एक हिरवट बाटली आणि मोठा चमचा. "आणि हे एरंडेल. लहान मुलांना नाक दाबून पाजायचे."

खोलीतल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या माणसांनी एकाच क्षणी तोंड वाकडं केलं. आमचे ट्रेझरर तर दोन पावलं मागे सरकले. लहान मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. एका मुलाने "डॅड, आर यू ओके?" असंही विचारलं. वडिलांचं तोंड अजून वाकडंच होतं.

डोरोथी चमचा हातात धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "या विषयावर मी सगळं आयुष्य वाचत आले. साक्षीदार आज भेटले." त्यानंतर दोन तास देशमुख काकू खुर्चीत बसल्या होत्या आणि डोरोथी खाली स्टुलावर बसून लिहून घेत होती. माझी तर मान अभिमानाने ताठ झाली होती.

*

माझ्या वाट्याला बाटल्यांचं कपाट येतं. त्या काळी औषधाच्या बाटलीवर काहीही लिहायची मोकळीक होती. एक बाटली आहे, तिच्या लेबलवर क्षय, टक्कल, बायकांचा अशक्तपणा, पुरुषांची उदासी, जंत, आणि घोड्याचं लंगडणं, हे सगळं एकाच औषधाने बरं होईल असं छापलंय. आत बहुतेक दारू आणि अफू असायची. त्यामुळे बरं कुणी होत नसे, पण तक्रारही करत नसे.

मी हे पाठ केल्यासारखं सांगत होते. एका बाईंनी विचारलं, "हे घ्यायला काय करावं लागायचं?"

"दुकानात जायचं आणि घ्यायचं," मी म्हटलं.

"प्रायर ऑथरायझेशन?"

अमेरिकेबाहेरच्यांसाठी सांगते. इथे डॉक्टरने औषध लिहून दिलं तरी काही औषधांसाठी आधी इन्शुरन्स कंपनीची परवानगी लागते. ती येईपर्यंत माणूस एक तर बरा होतो किंवा कंटाळतो. माझी रोजची नोकरी याच चक्रात जाते. पण अंगावर झगा होता, नियम होता. मी चेहरा कोरा ठेवून म्हटलं, "बाई, हे काय असतं, मला माहीत नाही."

बाई कपाटाला टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मला याच शतकात राहू द्या." सगळी खोली हसली. मला मात्र सोमवार आठवला.

*

आता ऋचाचं सांगते. ऋचा ही काकांची मुलगी, इथेच जन्मलेली, इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टर. खरी डॉक्टर. बापाच्या या उद्योगाची तिला चांगलीच लाज वाटायची. "बाबा, यू आर लिटरली प्लेइंग अ डॉक्टर हू किल्ड पीपल," असं तिने जेवणाच्या टेबलावर मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितलं होतं.

एका शनिवारी काकूंनी तिला जबरदस्तीने पाठवलं. ती मागे हाताची घडी घालून उभी राहिली. पाय कापणं, जळवा, सगळं झालं. मग काकांनी साखळीचं घड्याळ काढलं. हा आमच्या कार्यक्रमाचा शेवट असतो, आणि तो काकांनीच सुरू केलेला आहे. प्रत्येक पाहुण्याने खुर्चीत बसायचं, काका त्याचा हात हातात घेतात आणि पूर्ण एक मिनिट नाडी बघतात. बोलत नाहीत. पाहुणाही आपोआप गप्प होतो. रांग लांबते, डोरोथी घड्याळाकडे बघते, पण काका मिनिट कमी करत नाहीत.

गर्दी गेल्यावर ऋचा म्हणाली, "बाबा, पल्सला इतका वेळ कोणी देत नाही. बोटाला क्लिप लावली की झालं. व्हाय डू यू डू धिस?"

काका कोट काढत होते. म्हणाले, "बेटा, माझे पणजोबा आजारी पडले की वैद्याकडे जायचे. वैद्य ओट्यावर. हे खाली अंगणात, लांब उभे. तिथून ओरडून सांगायचं, काय दुखतं ते. वैद्य तिथूनच ऐकायचा आणि पुडी जमिनीवर ठेवायचा. आपल्या माणसाची नाडी कुणी धरत नव्हतं. विटाळ होतो म्हणून. शतक हेच." त्यांनी कोट खुंटीला लावला. "त्या शतकात आपल्या हाताला कुणी हात लावला नाही. म्हणून मी त्या शतकात जातो आणि येईल त्याचा हात धरतो. मला त्यात मजा येते."

त्या घरात माझंही खूप शिकणं झालंय, पण असा धडा पहिलाच होता. माझ्या घरीही अशा गोष्टी आहेत. आम्ही त्या डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या कार्यक्रमांत सांगतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. काकांनी मात्र दर शनिवारची सोय केली होती.

ऋचा खुंटीपाशी गेली. मग तिने पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून काकांच्या कोटाच्या खिशात टाकली. "ओके, बाबा. पण दोन पेशंटच्या मधे हे लावायचं. आय डोंट केअर विच सेंच्युरी."

*

आणि मग आला हॅरल्ड. आमच्या म्युझियमच्या बोर्डावर नवीन आलेला सभासद. जुन्या युद्धांची नाटकं करणाऱ्या एका ग्रुपमध्ये असतो, पितळी बटणांचा कोट स्वतः शिवतो. माणूस वाईट नाही. बोलतो तर इतकं सभ्यपणे की अपमान झालाय हे कळायला घरी पोचावं लागतं.

मीटिंगमध्ये तो म्हणाला, "डॉक्टर मेश्राम यांचं काम मला आवडतं. पण प्रश्न ऑथेंटिसिटीचा आहे. या घरात राहणारा डॉक्टर ओहायोचा गोरा माणूस होता. पाहुण्यांचा गोंधळ होतो. माझ्या ग्रुपमध्ये एक जण आहे, दाढीही खरी आहे. मेश्राम यांना आपण मागच्या खोलीत बाटल्यांच्या कामाला घेऊ. तिथे त्यांचा खूप उपयोग होईल."

काका समोरच बसले होते. "बरं," एवढंच म्हणाले.

डोरोथी उसळली. "हॅरल्ड, त्या काळात डॉक्टर व्हायला इथे लायसन्स लागत नव्हतं. दारावर पाटी लावली की झाला डॉक्टर. कोण कुठला, कुणी विचारत नव्हतं. तू विचारतोयस."

माझं डोकं तोपर्यंत तापलं होतं. माझं लवकर तापतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "हॅरल्ड, आपल्याकडे क्लोरोफॉर्म म्हणजे नळाचं पाणी आहे. पाय मेणाचा आहे आणि लोहचुंबकाने जोडलाय. करवतीला धार नाही. जळवा रबराच्या आहेत, मासे पकडायच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या. रक्त म्हणजे बिटाचा रस. तुझ्या कोटाला आत पॉलिस्टरचं अस्तर आहे, मला इथून दिसतंय. एवढ्या सगळ्यात तुला खोटे फक्त काकाच दिसले?"

बोर्डातल्या दोघी हसल्या. हॅरल्डने अस्तर आत सारलं. शेवटी ठरलं की तो पुढच्या शनिवारी येऊन कार्यक्रम बघेल आणि त्याचं मत सांगेल. बोर्ड त्याच्या मताप्रमाणे जाणार, हे उघड होतं. बाकीच्यांना वाद नको होता.

गाडीत मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दाढी खरी नाही माझी." मग थोड्या वेळाने म्हणाले, "कोट परत द्यायचा तर ड्रायक्लीन करून देऊ. डाग तेवढे राहू दे म्हणावं." हसत म्हणाले, पण ते वाक्य मला घरापर्यंत पुरलं. इतकं वाईट मला माझी आधीची नोकरी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

*

तो शनिवार. हॅरल्ड आला तो आईला घेऊन. तिला सांभाळणारी बाई सुट्टीवर होती म्हणून. आजींचं नाव इडिथ, नव्वदीच्या पुढच्या, हातात वॉकर, अंगात जाड स्वेटर, आणि नजर अशी की मी टोपी सरळ केली. हॅरल्डने त्यांना भिंतीपाशी बाकावर बसवलं. "मदर, तू इथे आराम कर. मला काम आहे." तो फोन काढून कोपऱ्यात उभा राहिला.

काकांचा दिवस चांगला नव्हता. करवत हातातून निसटली. लोहचुंबक ऐन वेळी सुटला आणि ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच पाय गळून पडला. पाहुणे हसले, पण काका हसले नाहीत. हॅरल्डची बोटं फोनवर चालत होती. मागच्या दारात काकू उभ्या होत्या, पहिल्यांदाच बघायला आलेल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं.

मग काकांनी घड्याळ काढलं. पाहुण्यांची रांग लागली. मी खुर्ची पुसली आणि वळून बघते तर इडिथ आजी वॉकर ढकलत रांगेत येऊन उभ्या होत्या.

हॅरल्ड धावत आला. "मदर, हे खरे डॉक्टर नाहीत." माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "क्लिनिकमध्ये ती कुणाला हात लावू देत नाही. परवा नर्सला फटका मारला तिने. उगाच सीन होईल."

आजींना ऐकू कमी येत असेल असं त्याला वाटलं असावं. आजी म्हणाल्या, "खरे माझ्याकडे पुष्कळ आहेत, हॅरल्ड. त्यांच्यातल्या एकानेही अजून माझा हात धरलेला नाही."

रांगेतल्या लोकांनी आपण होऊन त्यांना पुढे सोडलं. आजी खुर्चीत बसल्या, स्वेटरची बाही स्वतः वर केली आणि हात पुढे केला. हाडं आणि निळ्या शिरा. काकांनी खिशातली ऋचाची बाटली काढून हात चोळले, मग तो हात असा घेतला की जणू त्यांच्याकडे कुणी काही ठेवायला दिलंय.  काकूंचं पदर गुंडाळणं थांबलं.

मिनिट झालं. काकांनी घड्याळाकडे बघितलं नाही. आजी बोलायला लागल्या. झोप लागत नाही. गुडघा दुखतो तो डावा, पण सगळे उजव्याचेच फोटो काढतात. नवरा गेल्यापासून सकाळी कुणी "कशी आहेस" म्हणत नाही, विचारतात ते गोळी घेतली का एवढंच. काका मधूनमधून "हं" म्हणत होते, आणि एकदा "मग?" म्हणाले. बोटं नाडीवरच होती. त्या शतकातल्या डॉक्टरकडे यापलीकडे फारसं काही नव्हतंच. औषधं त्यांची बहुतेक चुकीची होती, पण खुर्ची ओढून बसणं बरोबर होतं, हे मला त्या दिवशी पटलं.

हॅरल्ड घुटमळत जवळ आला. "मदर, लोक खोळंबलेत."

आजींनी मान वळवली नाही. "तर त्यांना बाहेर ने. आणि जाताना दार लाव. मी माझ्या डॉक्टरांशी बोलतेय."

हॅरल्ड क्षणभर तसाच उभा राहिला. त्याने आईच्या हाताकडे बघितलं, काकांच्या हाताकडे बघितलं. मग त्याने फोन खिशात टाकला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. आम्ही सगळे पुढच्या पडवीत. काकू, डोरोथी, मी, पाहुणे. हॅरल्ड दाराला पाठ लावून उभा.

तेवढ्यात एक नवीन कुटुंब पायऱ्या चढून वर आलं. नवरा-बायको आणि दोन मुली. बापाने बंद दाराकडे बघून विचारलं, "डॉक्टर आहेत का?"

आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत हॅरल्ड म्हणाला, "आहेत. पण तुम्हाला थांबावं लागेल. डॉक्टर माझ्या आईला तपासतायत."